बर्फावरचं कासव

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून मोठेपणाची आशा धरणार नाही. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून बत्तीस वर्षं काढली, शेवटची चौदा लोहाऱ्यात. मारक्या बैलाच्या वेसणीला हात घातला, अडलेल्या म्हशीच्या मागं रात्रंदिवस बसलो. त्यात धाडस काही नव्हतं. समोर जनावर असलं की मला भीती वाटत नाही, एवढंच. माणसांची मात्र लई वाटते. साहेबाची वाटते, पोलिसाची वाटते, आणि सगळ्यात जास्त माझ्या पोरीच्या आधीच्या नवऱ्याची वाटते.

पोरगी एकुलती. शेजारच्या तालुक्यात दिली होती. दोन वर्षं नांदली आणि एका दुपारी नुसती हातात पिशवी घेऊन एसटीतून उतरली. मनगट सुजून टम्म झालेलं. तिला रोज मार बसत होता. म्हशीच्या चालीवरून काटा कोणत्या खुरात आहे ते सांगणारा मी. पण सणाला आलेल्या पोरीनं डाव्या हातानं ताट उचललं तरी मला काही दिसलं नव्हतं. "सगळं बरं हाय" म्हणायची आणि मी मान डोलवायचो.

धाराशिवच्या कोर्टात सोडचिठ्ठी झाली. बाहेर पडताना फाटकापाशी तो माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "तुमची पोरगी कुठं ना कुठं गावंलच की." एवढंच म्हणाला, हसत. तेव्हापासून आमच्या गल्लीत फटफटी थांबली की मी आधी दाराला कडी लावतो. थांबवणारा दूधवाला निघाला तरी कडी काही लगेच काढत नाही.

पुढं पोरगी शिकायला म्हणून परदेशात गेली आणि तिथंच एका मोठ्या दुकानात कामाला लागली. कांद्यापासून कपड्यापर्यंत सगळं एका छपराखाली मिळणारं दुकान. देश कोणता ते लिहीत नाही, पोरीचं पोट आहे त्यावर. तिथं राहायचा तिचा कागद त्या दुकानाच्या सहीवर. दुकानानं काढलं की कागद गेला, आणि कागद गेला की विमानात बसून परत इथं. मला रोज उठल्यावर आधी तो कागद आठवतो, मग देव.

तिचा फोन सकाळी चहाच्या वेळेला यायचा. तिकडं तेव्हा संध्याकाळ. पहिलं वर्ष ती भाजीच्या बाजूला होती, मजेत होती. मग तिला जिवंत मालाच्या बाजूला टाकलं. एकदा तिनं फोन फिरवून दाखवलं. काचेच्या टाक्यांत वाम मासे, नांग्यांना रबर बांधलेले खेकडे, टपात एकावर एक बसलेली बेडकं, आणि शेवटी बर्फावर ओळीनं मांडलेल्या जाळीच्या पिशव्या. प्रत्येक पिशवीत एक कासव, जिवंत. आपण बाजारात वांगं निवडतो तसं गिऱ्हाईक बोट दाखवायचं, आणि हिनं ते उचलून द्यायचं.

"अगं बाई, कासव?" बायको माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "देवळात जाताना आधी त्याच्या पाया पडतो की आपण."

"आई, हितं कुणी पडत न्हाय," पोरगी म्हणाली.

मी म्हणालो, आपल्याकडं तरी काय लाडानं ठेवतेत? माकणीच्या धरणावर मासे टोपल्यात तडफडत असतात, आणि लोहाऱ्याच्या बाजारात कोंबड्या सायकलीला उलट्या टांगलेल्या. एका कोंबडीवाल्याशी तर मी भर बाजारात भांडलोय. "पायानं टांगतोस व्हय रे? तुला टांगू का तसं? बघ कसं वाटतंय!" चार लोक जमले, त्यानं कोंबड्या उतरवून पाटीत ठेवल्या. पोरगी तेव्हा माझं बोट धरून होती, आणि बापाकडं बघून तिची छाती फुगली होती. आता वाटतं, कोंबडीवाला गरीब होता म्हणून माझी जीभ एवढी चालली.

मग ती सकाळ आली. फोन आला तेव्हा ती दुकानाच्या मागल्या खोलीत होती आणि हळू आवाजात बोलत होती. समोर टेबलावर बर्फावरून आणलेली एक पिशवी होती, आत कासव.

"अण्णा, एक बघता का? लई येळ न्हाय माझ्याकडं."

तिनं सांगितलं ते असं. कासवं दिवसदिवस बर्फावर ठेवतात. ती मॅनेजरला म्हणाली, हे बरं न्हाय. तो म्हणाला, थंडीनं ती झोपलेली असतात, त्यांना काही जाणवत नाही. आणि तुला हे काम जमत नसेल तर बाहेर लई लोक उभे आहेत. तिकडं अशा गोष्टींची तक्रार घेणारं एक सरकारी ऑफिस आहे. तिनं तक्रार लिहून फोनात तयार ठेवली होती. खाली तिचं नाव घालावं लागत होतं. फक्त पाठवायची राहिली होती.

"पर खोटी तक्रार मला करायची न्हाय," ती म्हणाली. "खरंच झोपलेलं असंल तर माझंच चुकतंय. तुमी बघा. तुमी म्हणाल तसं करते."

मॅनेजर काय म्हणतो आणि ऑफिस काय म्हणतं ते सगळं बाजूला राहिलं, आणि पोरीनं निवाडा माझ्या हातात आणून ठेवला.

जनावराला भूल दिली की टाके घालायच्या आधी आम्ही खुराच्या बेचक्यात चिमटा घेऊन बघायचो. पाय पडून राहिला तर पुढं जायचं. पाय ओढला तर हात थांबवायचा, मग साहेब कितीही घाई करू देत. सुट्टीच्या दिवशी पोरगी दवाखान्यात यायची तेव्हा हे मीच तिला शिकवलं होतं. दहा वर्षांची असेल. "ओढला, अण्णा, थांबा!" म्हणून ती माझ्या आधी ओरडायची.

"मागच्या पायाला चिमट जरा," मी म्हणालो.

तिनं जाळीतून दोन बोटं घालून चिमटा घेतला. काहीच झालं नाही. मी मनातल्या मनात तुळजाभवानीला हात जोडले, आई, असंच पडून राहू दे, मेलेलं निघू दे. मग तो पाय हलला. हळू, लई हळू, पण आत गेला. मान पिशवीत अर्धी वळली. डोळा उघडा होता. थंडीनं त्याचा पळायचा जोर गेला होता, दुखणं कुठं गेलं नव्हतं. हे ओळखायला मला चष्म्याचीसुद्धा गरज नव्हती.

"अण्णा? बघायलाव ना?"

बघत होतोच. पण मला कासवाच्या जागी दुसरंच दिसायला लागलं. आठवड्यापूर्वी तो माणूस, पोरीचा आधीचा नवरा, लोहाऱ्यात जीपच्या थांब्यावर उभा होता. चहावाल्याला विचारून गेला होता, ड्रेसरची पोरगी कधी येणाराय गावाकडं? बायकोला हे मी सांगितलं नव्हतं. आता पोरगी तक्रार पाठवणार, दुकान तिला काढणार, कागद जाणार, आणि ती लोहाऱ्याच्या स्टँडवर उतरणार. मी चहाचा कप खाली ठेवला.

"नुसती शीर आखडती ती," मी म्हणालो. "बर्फानं बधिर झालंय. झोपलंय. त्याला काय कळत न्हाय."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? बत्तीस वर्षं काय गवत उपटत बसलो होतो का मी?" मी असा खेकसलो की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

पोरीनं टेबलावरची पिशवी परत उचलली. मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय झालं वो?" बायकोनं विचारलं.

"काय न्हाय. कामाचं इचारत होती."

पुढचे चार दिवस माझा जीव टांगणीला. फोन वाजला की वाटायचं, पाठवली हिनं. पण तिनं तक्रार पाठवली नाही. फोन रोजच्यासारखा यायचा. भात काय केला, पाऊस किती झाला, आईचा गुडघा कसा आहे. जनावराचा विषय तिनं पुन्हा काढला नाही, मीही नाही. मी सुटलो असं मला वाटलं. लाज वाटायला पाहिजे होती, पण खरं सांगतो, त्या आठवड्यात मला गाढ झोप लागली.

काही महिन्यांनी तिनं सांगितलं, त्या बाजूची मुख्य म्हणून तिला नेमलं. बायकोनं देवापुढं साखर ठेवली. पोरीनं फोन उभा करून आम्हाला काम दाखवलं. गिऱ्हाईक आलं. तिनं पिशवी उचलली, वजन केलं, कासव बाहेर काढलं, मागच्या फळीवर ठेवलं आणि सुरी घेतली. बायकोनं तोंड फिरवलं. मी पोरीचं तोंड बघत होतो. तिथं राग नव्हता, कीव नव्हती, कंटाळासुद्धा नव्हता.

"आधी लई येळ लागायचा," ती हात धुता धुता म्हणाली. "आता एका मिनटात होतंय. सगळं बरं हाय हितं."

हे तोंड मी ओळखत होतो. दिवाळीला माहेरी येऊन डाव्या हातानं ताट उचलायची तेव्हा ती असंच बोलायची. तेव्हा मला दिसलं नव्हतं आणि आता लख्ख दिसत होतं, आणि या खेपेला तिला तिथं लोटणारा हात माझाच होता. त्या माणसाची भीती वाटायची ती बाहेरची होती, दाराला कडी लावून जरा तरी कमी व्हायची. या भीतीला कडी कुठं लावायची ते मला कळेना. माझी पोरगी तिकडं सुखरूप होती आणि रोज थोडी थोडी संपत होती.

मी ठरवलं, खरं सांगायचं. तक्रार कर म्हणायचं, काढलं तर काढू देत, घरी ये, बाप आहे अजून. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज पावसापाण्याचं बोलून फोन बायकोकडं द्यायचो. शेवटी एका गुरुवारी बायको देवळात गेलेली बघून मी तोंड उघडलं.

"माय, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी तू मला कासव दाखवलं होतंस बघ..."

"अण्णा, नका."

"ऐक तरी. मी तवा..."

"नका सांगू." तिचा आवाज चढला नाही, पण ओठ थरथरायला लागले. लहानपणी सुई बघून थरथरायचे तसे. "मला ठावं हाय, अण्णा. त्यानं पाय ओढला तवाच ठावं होतं. पर तुमच्या तोंडून ऐकलं न्हाय, तवर उद्या मला तिथं उभं ऱ्हाता येतंय."

"काल हिकडं लई पाऊस झाला," मी म्हणालो.