बिनकुलपाचं फाटक

निमगाव सावाच्या मळ्यातले आमचे नाना दार उघडण्याआधी ताट वाजवत. स्टीलचं ताट आणि उलथनं उंबऱ्यापाशीच टांगलेलं असे. पाच ठोके, थोडी शांतता, मग कडी. घराला उसाचा वेढा होता आणि उसात बिबट्या होता. नाना माझे थोरले मामा.

बिबट्यानं दारातलं कुत्रं उचललं, तेव्हा नानांनी घराभोवती जाळीचं कुंपण घातलं. बांधापासून तीन फूट आत. शेजारच्या दगडूची वहिवाट अंगणातून होती, म्हणून फाटक ठेवलं. त्याला नुसती कडी.

"कुलूप ठोका की राव," दगडूच म्हणाला, "मी जाईन वळसा घालून."

"तुझ्या आज्यापासूनची वाट हाय. कुलूप लागायचं न्हाई."

कुणी तरी जाळीत घरचा करंट सोडायला सुचवलं. नाना म्हणाले, "बिबट्या हाय का दगडू, ते तारंला कळत न्हाई."

"माझंच नाव बरं आठवतं!" दगडू म्हणाला.

म्हशीसाठी लावलेला, डोक्याएवढा वाढणाऱ्या हत्तीघासाचा वाफा मात्र कुंपणाच्या आतच राहिला. ही चूक कुणाच्याच लक्षात आली नाही.

रोज दिवस मावळायच्या आत नाना ताट वाजवत आतून चक्कर मारत, मगच फाटक लावत. एका संध्याकाळी मी ते आधीच लावलं. चांगला उजेड होता. त्यांची नात परी ओट्यावर खेळत होती. नानांनी ताट वाजवलं आणि घास हलला. वारा नव्हता.

बिबट्या आमच्यासोबत कोंडला गेला होता.

"पोरीला घरात घे," नाना हळूच म्हणाले. घासाकडे तोंड ठेवून ते मागं मागं सरकत फाटकापाशी गेले. कडी काढली, फाटक उघडलं, बाजूला झाले.

"जा पावणं. वाट मोकळी हाय."

तो गेला. नाना तिथंच मातीत बसले. "कुलूप असतं तर किल्ली हुडकत बसलो असतो," म्हणाले. सकाळी त्यांनी सगळा घास कापून टाकला.

गेल्या वर्षी नाना गेले. परवा दुपारी मळ्यात गेलो. कुंपण उंच झालंय, दगडू वळसा घालून जातो. फाटकाला कुलूप, किल्ली परीच्या बापाच्या, म्हणजे माझ्या मामेभावाच्या खिशात आणि तो बाजारात. आत घास पुन्हा डोक्याएवढा. त्याच्या कडेला परी एकटीच खेळत होती.

"परी, घरात जा. दार लाव."

"का हो काका?"

"आधी जा."

घराची कडी लागल्याचा आवाज आला. मी गाडीतला पाना काढला आणि कुलपावर पाच ठोके घातले. पाचव्याला ते तुटलं; तोपर्यंत घासाकडे बघायचा धीर झाला नाही.