तिसरी बाटली

मी एकदा सरकारी पुरावा एका माणसाच्या टाळक्यात फोडला आहे. नेम अचूक होता, अक्कल मात्र... महिन्यापूर्वी सुमीचा फोन आला, "काकू, बाबा गेले," तेव्हा रडू यायच्या आधी तीच बाटली डोळ्यांपुढे फुटली.

सुमीचे बाबा, म्हणजे मोरे भाऊजी, नौपाड्यात आमचे शेजारी. अन्न निरीक्षक. ऐंशीच्या दशकात आमच्या गल्लीतल्या डेअरीच्या दुधानं बिल्डिंगमधली पोरं एकामागून एक आजारी पडली. तेव्हा एवढीशी असलेली सुमीसुद्धा. भाऊजी दुधाचा नमुना घ्यायला निघाले, पण पंच म्हणून उभं राहायला कुणी तयार होईना. डेअरीवाल्याचा हात फार लवकर उठायचा. मी पदर खोचला. "मी काय घाबरते की काय त्याला!" ही बाई तेव्हा झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायची.

भाऊजींनी कॅन ढवळला, तीन बाटल्या भरल्या, दूध नासू नये म्हणून औषधाचे थेंब टाकले. सील करायला लाख वितळवत होते, तेवढ्यात डेअरीवाल्यानं कॅनचं झाकण त्यांच्या कपाळावर हाणलं. दोन बाटल्या फरशीवर फुटल्या. तिसरी त्यांनी माझ्या हातात कोंबली. "वहिनी, पळा!" डेअरीवाल्याच्या मुलानं त्यांचा हात पिरगळला, कट्कन आवाज आला, कॅन लाथेनं आडवा झाला आणि फरशीवरचं दूध हळूहळू गुलाबी होत गेलं... मी पळायचं सोडून किंचाळले, "सोड मेल्या त्यांना!" आणि बाटली सरळ डेअरीवाल्याच्या टाळक्यात. तो रक्तबंबाळ होऊन खाली बसला, भाऊजी सुटले. पण नमुनाच उरला नाही. भेसळीचा खटला तिथेच मेला आणि दुसऱ्या सकाळी तेच दूध पुन्हा दारोदार.

भाऊजींचा तो हात पुढे कधी सरळ झाला नाही. तरी टेंभी नाक्यापासून कल्याणपर्यंत ते नमुने घेत राहिले, मार खात राहिले. शेवटच्या भेटीतही मला चहाचा कप देताना डोळे मिचकावून म्हणाले, "नेम धरू नका हं."

माझ्या ओट्यावर रुंद तोंडाची एक बाटली आहे, तिच्यात मी हिंग ठेवते. मारामारीच्या त्याच संध्याकाळी भाऊजी ती घेऊन आले होते. कपाळाला टाके, हात गळ्यात बांधलेला. मी तोंड लपवून बसले होते. बाटली माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "वहिनी, सोमवारी पुन्हा जायचंय. पंच म्हणून तुम्हीच हव्यात. फक्त फेकायची वेळ आलीच, तर ही रिकामी फेका."