समोरच्या घरातलं काम

चंद्रपुरात स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं तेव्हा मी पंचेचाळिशीच्या आसपास होते. कॉलेजात शिकवत होते, लग्न केलेलं नव्हतं. वडील गेल्यावर मायला धानोऱ्याहून माझ्याकडे आणलं आणि आम्ही दोघी भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. माय आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधीत भाताच्या रोवणीला गेली, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला, आणि त्यावर मला शिकवलं. तिच्यासाठी एक चांगलं घर घ्यायचं हे मी नोकरी लागल्यापासून मनाशी धरून होते.

घरं दाखवणारा एजंट प्रत्येक वेळी विचारायचा, "मॅडम, साहेब कधी येतील पाहायला?" साहेब नाहीत, मीच आहे, म्हटलं की तो मला पुन्हा एकदा नीट बघून घ्यायचा. एक-दोन ठिकाणी आमचं आडनाव ऐकल्यावर घरमालकांचा विकण्याचा विचारच बदलला. मी मायला त्यातलं काही बोलले नाही. तिला सांगावं लागतही नव्हतं.

शेवटी शहराबाहेरच्या एका कॉलनीत बंगला मिळाला. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, फाटकावर चौकीदार, प्रत्येक दारात गाडी. डॉक्टर, ठेकेदार, खाणीतले अधिकारी असे लोक राहणारे. विकणारे गृहस्थ मुलीकडे हैदराबादला चालले होते. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "झाडांना पाणी घालाल ना?" मी हो म्हटलं आणि तिथंच व्यवहार ठरला.

मायनं सागवानी दारावरून हात फिरवला. "आलापल्लीचा साग दिसते," म्हणाली. मग सगळ्या खोल्या फिरून आली आणि हळूच विचारलं, "एवढ्या मोठ्या घरी आपण दोघीच काऊन?"

दिवाळीच्या आधी आम्ही राहायला आलो. बैठकीत बुद्धाची मूर्ती ठेवली, नवे पडदे लावले. पण माय काही त्या घरात बसेना. सोफ्यावर टेकायची नाही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची. जायची-यायची मागच्या दारानं. धानोऱ्यात आमचं दार दिवसभर उघडं असायचं आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण काहीतरी बोलून पुढं जायचा. इथं सकाळी गाड्या बाहेर पडल्या की सगळी फाटकं बंद. मी नऊला निघायची, पाचला परत.

"दिवसभर काय केलं, माय?"

"काही नाई. भिंती पाह्यल्या."

असं बरेच दिवस चाललं. ती परत गावी जायचं म्हणेल अशी धास्ती मला वाटायला लागली होती. आणि मग एकाएकी ती बदलली. संध्याकाळी मी घरी यायची तेव्हा ती गुणगुणत असायची. जेवण नीट जायला लागलं. गावाकडून चुलतभाऊ येणार होता, त्याला तिनं मोहाच्या बियांचं तेल आणायला सांगितलं. टोळीचं तेल म्हणतात आमच्याकडे. "गुडघ्याले लावाले पाह्यजे," असं मला म्हणाली. मला वाटलं, रुळली एकदाची.

थंडी पडली होती तेव्हाची गोष्ट. कॉलेजला अचानक सुट्टी मिळाली म्हणून मी घरी होते. सकाळी बेल वाजली. दारात समोरच्या बंगल्यातली तरुण बाई उभी. तिचा नवरा खाणीत अधिकारी आहे, ती सांगलीकडची आहे, एवढंच मला ठाऊक होतं. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं.

"सॉरी हं मॅडम. तुमच्याकडे त्या मावशी काम करतात ना? त्या आज आल्या नाहीत. बाळाची अंघोळ खोळंबलीय. जरा पाठवता का?"

"कोणत्या मावशी?"

"त्या, नऊवारी लुगडं नेसतात त्या. सकाळी आमच्याकडे येतात. रविवारी नाही येत, पण आज तर..."

मला कळायला क्षणभर लागला. मग कानशिलं तापली.

"ती माझी आई आहे," मी म्हटलं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "पण त्या मागच्या दारानं ये-जा करतात... मी विचारलं होतं, मावशी, काम करता का? त्या हो म्हणाल्या."

तेवढ्यात माय माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्या मुलीला विचारलं, "पाणी तापलं का?" आणि चपला घालून रस्ता ओलांडून निघूनसुद्धा गेली. ती मुलगी तिच्यामागं धावली. मी दारात तशीच उभी. समोरून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, थोड्या वेळानं ते थांबलं.

माय परत आली तेव्हा मी तिच्यावर तुटून पडले.

"माय, हे घर मी काऊन घेतलं? तुले पुन्हा दुसऱ्याच्या घरी राबा लागू नये म्हणून ना?"

"लेकराले आंघोळ घालून देणं राबणं होते का?"

"तिनं तुले मोलकरीण समजलं!"

"मंग?" माय शांतपणे लुगड्याचा ओला पदर पिळत होती. "पैसे नाई घेतले मी. पण तिनं मले इचारलं तरी. या गल्लीत एवढे दिवस झाले, तिच्याआधी मले कोणी काही इचारलं का? पाहुणी म्हणून कोण बोलावते इथी? काम म्हटलं तं दार उघडलं."



पण ते दार आता बंद झालं. दुसऱ्या दिवशी समोरून बोलावणं आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौकीदाराच्या हातून पुरणपोळ्यांचा डबा तेवढा आला. मायनं झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं. "पोळ्या पाठवल्या. लेकरू नाई पाठवलं," म्हणाली. सकाळी बाळ रडायला लागलं की भाजी चिरताना तिचा हात थांबायचा. "पोटात दुखून राह्यलं त्याच्या," ती स्वतःशीच बोलायची आणि तिथंच बसून राहायची.

तीन-चार दिवस मी हे पाहिलं. मग एका सकाळी कॉलेजला उशीर होईल तर होवो म्हणून मी स्वतः रस्ता ओलांडला. तोवर मीही त्या घरात कधी गेले नव्हते.

तिनं दार उघडलं, बाळ खांद्यावर, दोघंही रडवेले. मला पाहताच ती माफी मागायला लागली.

"ते राहू द्या," मी म्हटलं. "माय तिकडे जीव टाकतेय. बाळाला घेऊन चला."

"कुठल्या तोंडानं येऊ? मी त्यांना भांडी घासायला लावली हो."

भांड्यांचं मला ठाऊक नव्हतं. ते लागलं मला. मी काही बोलायच्या आत तिला हुंदका आला.

"माझी आई येणार होती बाळंतपणाला. ती अंगणात पडली, कमरेचं हाड मोडलं. सासूबाई नाहीत. हे पहाटे जातात ते रात्री येतात. बाळाची अंघोळ झाली की तुमच्या आई जायला निघायच्या. त्या गेल्या की मला धड श्वास घेववायचा नाही. म्हणून मी काहीतरी काम काढायची. थोडी भांडी, थोडी भाजी. म्हणजे त्या अजून थोडा वेळ थांबतील."

एक कामासाठी म्हणून जात होती, दुसरी कामासाठी म्हणून थांबवून घेत होती. त्या दोन बायकांना एकमेकींजवळ बसायला दुसरं कारणच सापडलं नव्हतं. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. मी हात पुढं केले आणि तिनं बाळ माझ्याकडे दिलं. मला काही लेकरं धरायची सवय नाही. ते वाकडंतिकडं सावरत मी निघाले. ती माझ्या मागून दुपटी आणि टॉवेल घेऊन.

आम्ही आमच्या पुढच्या फाटकातून आलो. व्हरांड्यात कोवळं ऊन होतं. मी हाक मारली तशी माय बाहेर आली, आमच्याकडे बघितलं, आणि कुणाला काही न विचारता तिथंच फरशीवर पाय लांब करून बसली.

"आण इकडे. आणि तेल आण माझं."

तिनं बाळाला पायांवर पालथं घातलं आणि पाठीवर तेल जिरवायला लागली. बाळाचं रडणं कुरकुरीवर आलं, मग तेही थांबलं. ती मुलगी पायरीवर अंग चोरून बसली होती. तिथूनच म्हणाली, "काकू, मी तुम्हाला ओळखलं नाही."

"मी तरी तुले कुठी ओळखलं होतं?" माय म्हणाली. "तुह्या डोक्याले तेल कोण लावून देते?"

"कोणी नाही."

"मंग याचं झालं का तू बस."

मी कॉलेजला निघाले तेव्हा ती मुलगी मायच्या पुढ्यात मान खाली घालून बसली होती आणि बाळ सतरंजीवर उन्हात झोपलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तिची आई सांगलीहून आली, काठी टेकत. एका रविवारी ती आमच्या व्हरांड्यात येऊन बसली. एकीची बोली दुसरीला निम्मी कळत होती, तरी दोघी हसत होत्या. मी आत चहा करत होते. सांगलीच्या आजींनी विचारलेलं ऐकू आलं, "गाव सोडून इथं करमतं का हो तुम्हाला?"

माय म्हणाली, "आता बरं वाटते. सुरवातीले कोणीच नव्हतं."

मी होते की, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ती खरं तेच सांगत होती; नऊ ते पाच मी घरात नव्हतेच. मी चहा गाळला आणि कप घेऊन बाहेर त्यांच्यात जाऊन बसले.