अंगठ्यांची गाठ

तेल्हाऱ्याकडची ती विहीर अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वऱ्हाड नुकतेच मुंबई राज्यात गेले होते आणि मी त्या भागात फौजदार होतो. एका सकाळी कोतवाल वर्दी घेऊन आला. गावातला म्हातारा शेतकरी रात्रभर घरी आला नव्हता. तो मळ्यातल्या आटलेल्या विहिरीत, पाण्याबाहेरच्या खडकावर पडलेला दिसला, आणि जिवंत होता.

मी पोचलो तेव्हा त्याला वर काढणे चालले होते. त्याचा पुतण्या सर्वांसमोर दगडी खोबण्यांवरून खाली उतरला होता. लोकांनी मोटेच्या नाड्याने बाज खाली सोडली. पुतण्याने काकाला तिच्यावर निजवून छाती, कंबर आणि मांड्या नवारीने आवळल्या, पायांवर घोंगडी टाकली. बाज वर आली तेव्हा म्हातारा तसूभरही सरकला नव्हता. इतके चोख काम आमच्या शिपायांना जमले नसते. जबडा मोडल्यामुळे म्हाताऱ्याला बोलता येत नव्हते. डोळे मात्र उघडे होते आणि ते पुतण्यावरून हटत नव्हते.

अकोल्याच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली.

"मी एकटाच जातो संगं," पुतण्या म्हणाला.

वाट लांबची. नवारीने पाय बधिर व्हायला नकोत म्हणून मी घोंगडी उचलू लागलो.

"राहू द्या ना साहेब, त्याले थंडी वाजून राहिली."

दिवस वैशाखाचे होते. मी घोंगडी उचलली. म्हाताऱ्याच्या पायांचे अंगठे चिंधीने एकमेकांना बांधलेले होते. मयताचे बांधतात तसे. नवारीच्या गाठी ओल्या होत्या, पण चिंधीवरचा चिखल वाळून कडक झाला होता. ही गाठ आजची नव्हती. पुतण्या आधीही खाली उतरला होता.

मी त्याला गाडीतून उतरवले आणि काकाजवळ शिपाई बसवला. चावडीत पुतण्याला बोटही न लावता एकच प्रश्न विचारत राहिलो.

"अंगठे काहून बांधले?"

"काल मीच ढकललं. उतरून पायलं तं मेला असंच वाटलं. मोकळा ठेवला असता तं रातच्याले घरी आला असता. म्हून बांधले."

"आणि आज?"

"आज डोये उघडे. सारा गाव वरून पाहून राहिला होता. वर द्यावाच लागला. ते गाठ सोडता नाही आली, म्हून घोंगडी टाकली."

काकाला मूलबाळ नव्हते. हाताखाली वाढलेल्या या पुतण्याला डावलून त्याने दुसऱ्या भावाचा मुलगा दत्तक घ्यायचे ठरवले होते. राग एवढाच.

माणूस पोलिसांना भितो असे आम्ही समजतो. त्याहून जास्त तो आपण मारलेल्याला भितो, हे मला त्या चावडीत कळले.

म्हातारा वाचला. जबडा जुळून बोलता येऊ लागल्यावर दवाखान्यात जबाब घ्यायला गेलो तेव्हा तो पाय फाकवून पडला होता. पायांवर चादर टिकू देत नव्हता. जबाब संपल्यावर तो बराच वेळ स्वतःच्या अंगठ्यांकडे पाहत राहिला.

"दत्तक कायले घेते मानूस, साहेब? मेल्यावर किरियाकरम करनारा पायजे म्हून. या पुतन्याच्यानं होनार नाही, असं वाटे मले," तो म्हणाला. "पन केलं त्यानं."