गुळाच्या कागदावरचा पाऊस

द्वारकाआत्या नसत्या, तर त्या उन्हाळ्यानंतर या वाडीत मान वर करून पाणवठ्याला जाणे मला जमले नसते. म्हणून नाव आधी त्यांचे लिहिते, उन्हाचे मागून. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. तरुणपणीच कपाळ पांढरे होऊन त्या माहेरी परतल्या, आणि माझे सासूसासरे गेल्यावर या घराचा सारा भार त्यांच्याच खांद्यावर आला. आमचे 'हे' मुंबईस गोदीत. घरात आत्या, मी आणि दोन म्हशी.

आता ऊन. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या सोंडेवर आमची सात घरांची वाडी. तिथून खाली सावित्री नदी दिसते, ती त्या वैशाखात विसरून राहिलेल्या सुताच्या धाग्यासारखी दिसत होती. कातळ संध्याकाळनंतरही हाताला चटका देई. वारा पडला होता, आणि भाजलेल्या राबाचा, म्हणजे वाफ्यांवर जाळलेल्या पालापाचोळ्याचा, कडवट वास शेतांवरून हलता हलत नव्हता. मी माणदेशची. ऊन काय ते मला कोणी शिकवावे? पण आमचे ऊन सरळ स्वभावाचे. भाजील, पण बाभळीच्या सावलीत पाऊल टाकले की सोडील. इथले ऊन सावलीत मागे येते, घरात शिरते, ओल्या घोंगडीसारखे अंगाशी बसते. तिसरीतून शाळा सुटली, पुढे लग्न करून घाट उतरले, तेव्हा हे कोणत्या पुस्तकात होते?

आणि तरी त्या दिवसांत वाडीला कशी हुरहुर लागली होती म्हणून सांगू! सूर्य कलला की सारी माणसे आमच्या अंगणात जमत आणि आकाशाकडे बघून बोलत. ज्याचा त्याचा अंदाज निराळा. कोणी कावळ्याने घरटे कोणत्या फांदीवर बांधले ते सांगे. कोणी मुंग्यांनी अंडी हलवली म्हणे. शेजारचे धोंडूतात्या, वाडीतले सर्वांत वयस्क, त्यांचा भरवसा स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर. "ठनकतोय. चार दिसांत येतोय बघा." त्यावर त्यांची सून आतूनच म्हणे, "मामंजी, गेल्या साली पन ठनकला, नि पाऊस पडला तो म्हाडात. आपल्याकडं गुडघ्याचा निरोप पोचलाच नाय."

हसू येई, पण त्या हसण्याखाली धाकधूक असे. इथली रीत अशी, की राब भाजून राखेचे वाफे तयार ठेवायचे आणि पाऊस येण्याच्या एकदोन दिवस आधी कोरड्या धुळीतच भाताचे बी टाकायचे. फार आधी टाकले तर मुंग्या आणि होले पाखरे ते वेचून खातात; उशीर झाला तर मोठ्या सरी राख धुऊन नेतात आणि वाफ्याचा चिखल होतो. वर्षाचे अन्न त्या एका दिवसाच्या निवडीवर! बी तरी किती? घरोघरी माळ्यावर पेंढ्यात बांधलेले दोनतीन मुडे. ते गेले की गेले.

अशा एका दुपारी आत्या पोलादपूरच्या बाजारातून गूळ घेऊन आल्या. ढेप सोडली, आणि तिच्या चिकट कागदावर माझी नजर गेली. वर्तमानपत्राचा तुकडा, आणि त्यावर 'हवापाणी'! 'कोकणात उष्मा फार. येत्या दोन दिवसांत ठिकठिकाणी गडगडाटासह पाऊस पडण्याचा संभव.' मी अंगणात जाऊन मोठ्याने वाचले. ज्या माणसांनी तोवर मला पाण्याच्या हंड्यापलीकडे काही विचारले नव्हते, ती धावत आली. "सुनबाय, परत वाच." मी परत वाचले. "गडगडाट म्हंजी गाजणार ना?" गाजणार, म्हटले. वाडीत वाचता येणारी मी एकटी. त्या क्षणी सारे आभाळ माझ्या जिभेवर उतरल्यासारखे वाटले. सुखाने माणूस किती आंधळे होते!

आत्यांनी तेवढे विचारले, "कागद कंदीचा हाय गो?"

तारखेची वरची कड फाटून गुळाला चिकटून राहिली होती. मला ठाऊक नव्हते. ठाऊक नाही एवढे दोन शब्द तोंडातून निघाले असते तर? मी म्हणाले, "ताजाच दिसतो."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत साती घरे खालच्या वाफ्यांवर. राखेचे लोट, बायांच्या हाका, मूठ उघडताना बियांचा तो बारीक सळसळाट! वरच्या वाफ्यांचे बी तेवढे मुड्यांत राहिले. मग आम्ही सारे आकाशाकडे पाहत बसलो. आकाश निळे, कोरे, निर्विकार. दोन दिवस गेले, चार गेले. बांधावरून मुंग्यांच्या रांगा भाताचा एकेक दाणा उचलून चालल्या होत्या, आणि होल्यांनी तर वाफ्यांत मुक्कामच ठोकला. पण छापील अक्षरावर धोंडूतात्यांची श्रद्धा अढळ. "सरकारी अंदाज. चुकंल कसा? बाणकोटची बोट लेट होती, तसा ह्यो लेट झाला. उद्या वरचं बी पन टाकून घेऊ."

ते ऐकून मी भिंतीतल्या देवळीत जपून ठेवलेला कागद पुन्हा काढला. मनाला धीर यावा म्हणून. आणि तोवर न पाहिलेली मागची बाजू पाहिली. 'दिवाळीचा खास माल. सुवासिक उटणे व तेले.'

म्हणजे कागद गेल्या दिवाळीचा! चूल समोरच होती. कागद आत सरकवला असता तर कोणाला कळले असते? पण उद्या उरलेले बीही मुंग्यांच्या वारुळात जाणार होते. आणि सांगितले तर? माझे माहेर घाटापलीकडे चार दिवसांवर. इथे माझ्या बाजूने बोलणारे कोण होते? तरी मी गोठ्यात गेले. आत्या शेण भरत होत्या. मी मागचे अक्षर वाचून दाखवले.

त्या म्हणाल्या, "दिवाळीचा? मंग ह्यो पाऊस पडून गेला गो. त्या पावसात मी भात झोडत व्हती. भिजला पेंढा अजून काळा हाय माळ्यावर."

सांजेला माणसे जमली तशा त्या ओट्यावर उभ्या राहिल्या. "वरचं बी टाकू नका. कागद दिवाळीचा निगाला. गूळ मी आनला, कागद मी आनला. पोरीनं फकस्त वाचला. काय बोलायचं ते मला बोला." इतके ऐकून घेतल्यावर मला मागे राहवले नाही. म्हणाले, "ताजा आहे असं मी म्हणाले. मला माहीत नव्हतं." धोंडूतात्यांनी धोतर गुडघ्यावर सारले आणि म्हणाले, "म्हंजी माझा गुडघाच बरा म्हनायचा." त्यांच्या सुनेला हसू आवरेना, मग कोणालाच आवरेना.

सगळे हसण्यावारी गेले असे नाही. दोन घरांनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला. मृग कोरडा गेला; पाऊस आला तो आर्द्रेत, कोणी न सांगता. तेव्हा वरच्या वाफ्यांत टाकलेल्या बियांच्या रोपांवर साती घरांची लावणी विरळ विरळ करून भागली, आणि कमी पडले तिथे आत्यांनी आमच्या वाफ्यातल्या रोपांच्या जुड्या उचलून दिल्या. पाणवठ्यावर अजून कोणीतरी विचारतेच, "काय गो, आज कंच्या दिवाळीचा पाऊस?" मीही आता हसते. शब्द खरा असून भागत नाही, तो कधीचा आहे हेही सांगावे लागते; एवढे शहाणपण मला चार दिवसांच्या कोऱ्या आकाशाने शिकवले.

आत्यांनी जन्मात घाट चढून वरचा मुलूख पाहिलेला नाही. "पावसाबिगर पिकतंय तरी कसं तुज्याकडं?" असे त्या मला विचारतात. एखाद्या पौषात आंबेनळी घाटाच्या वाटेने मी त्यांना माझ्या गावी नेईन. ज्वारीच्या शेतात बसवून हुरड्याची पहिली गरम मूठ त्यांच्या ओंजळीत घालीन. आणि त्या सांजेला ओट्यावर माझ्यासाठी कोण उभे राहिले, ते आईला त्यांच्यासमोरच सांगेन. पत्र लिहून भागायचे नाही. आईला वाचता येत नाही.