कपाटाजवळच्या कोपऱ्यातली हवा

आईच्या खोलीत कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक कोपरा आहे. खुर्ची मावेल एवढा. आम्ही तिथे काही ठेवत नाही. इस्त्रीचं टेबल ठेवू का, असं बायकोनं मध्ये विचारलं होतं. मी राहू दे म्हणालो. तिनं कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असंही नाही.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. घर कोथरूडला, कॉलेज लोणी काळभोरच्या पलीकडे, त्यामुळे निम्मं आयुष्य रस्त्यातच जातं. आई महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायची. ‘जवळजवळ’ हा शब्द तिच्यापुढे चालायचा नाही. कोणी ‘उत्तर जवळजवळ बारा’ लिहिलं की समासात लाल शाईनं, ‘म्हणजे किती?’ घरीही तेच. ‘येतोच’ म्हटलं की ‘किती वाजता?’ बाबा लवकर गेले, त्यामुळे हा सगळा काटेकोरपणा एकट्या माझ्या वाट्याला आला. खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. आम्हा दोघांची मायेची भाषा तीच होती.

मग तिला फुप्फुसांचा आजार झाला. फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात, त्यावर इलाज नाही, सोय आहे, असं डॉक्टर म्हणाले. सोय म्हणजे नाकात नळी आणि पलंगाशेजारी दिवसरात्र घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन.

लवकर सुटलो की मी तिच्या खोलीतच पेपर तपासत बसायचो. एका दुपारी तिनं विचारलं, “सध्या काय शिकवतोयस?”

“एन्ट्रॉपी.”

“मराठीत सांग.”

मी स्वयंपाकघरातून काचेची बरणी आणली. खाली तांदूळ, वर मसुराची डाळ, असे दोन स्वच्छ थर केले आणि बरणी हलवली. “कणांना काही शिस्त मोडायची नसते, आई. प्रत्येक मांडणी त्यांना सारखीच. पण दोन थर राहतील अशा मांडण्या मोजक्या आणि सरमिसळीच्या अगणित. म्हणून हलवलं की सरमिसळच हाती लागते.”

“हलवतच राहिलं तर पुन्हा दोन थर होतील?”

“होऊ शकतात. फक्त ते बघायला कोणी उरणार नाही.”

ती हसली, हसण्याचा खोकला झाला. दम परत आल्यावर म्हणाली, “आणि आता हे निवडणार कोण?”

बाहेरून बायकोचा आवाज आला, “निवडायचं कशाला? संध्याकाळी खिचडी!”

काही दिवसांनी आईनं धागा पुन्हा उचलला. “हवेचंही तसंच का रे?”

मी खूश झालो. माझ्या वर्गात इतका नेमका प्रश्न वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही. म्हणालो, “तसंच. हवा सगळीकडे पसरते, कारण पसरलेल्या मांडण्या जास्त. बाकी हवेला कोपऱ्याचं वावडं नाही.”

“म्हणजे या खोलीतली सगळी हवा एखाद्या क्षणी त्या कपाटापाशी गोळा होऊ शकते.”

“तत्त्वतः.”

“आणि मी इथे.”

हे तिचे शब्द मला आज लख्ख आठवतात. त्या दिवशी ऐकूच आले नव्हते. मी रंगात आलो होतो. ती शक्यता किती लहान आहे हे सांगत होतो, दशांशचिन्हापुढे शून्यं लिहीत बसलं तर पुण्यातला कागद पुरायचा नाही, वगैरे.

“पण शून्य नाही?”

“शून्य नाही.”

तिनं मान हलवली. बरोबर उत्तराला हलवायची तशी, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, पलंग कपाटाकडे सरकव. मशीनची वायर पोहोचत नव्हती, म्हणून पलंग होता तिथेच राहिला. मग तिनं टेबलफॅन मागवला आणि त्याचं तोंड कोपऱ्याकडे करून घेतलं.

“काय गं, हवेला हाकलतेस?” मी म्हणालो.

“हलती ठेवते,” ती म्हणाली. हसली नाही.

बायकोनं मला गॅलरीत गाठलं. “अहो, आई दिवसभर त्या कोपऱ्याकडे बघत असतात. असं होत नाही म्हणून सांगून टाका ना.”

“चुकीचं सांगू? आईला? तिनं मला आयुष्यभर जे शिकवलं—”

“आयुष्यभराचं राहू द्या. आजचं बघा.”

पुढे मी बायकोला सांगितलं, बोललो आईशी. तिचा समज झाला की ‘असं होत नाही’ म्हणून मी सांगून टाकलं. आजही ती तसंच समजते. बोललो होतो, हे खरं आहे. काय बोललो, ते इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

विषय आईनंच काढला. मी समोर पेपर तपासत होतो. ती म्हणाली, “कधीच होणार नाही ना रे?”

हा असला ‘ना रे’ मी तिच्या तोंडून पूर्वी कधी ऐकला नव्हता. परीक्षेत असा प्रश्न नसतो. असा प्रश्न फक्त घाबरलेलं माणूस विचारतं, आणि त्याला एकच उत्तर असतं. मी लाल पेन खाली न ठेवता म्हणालो, “आई, ‘कधीच’ असं म्हणता येत नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि तिनं डोळे मिटून घेतले.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ती गेली. भर दुपारी, मी चहा टाकायला उठलो तेवढ्यात. परत आलो तर ती पलंगाच्या पार कडेला सरकली होती. नळी नाकातच, मशीन चालू. तोंड कोपऱ्याकडे, आणि एक हात कपाटाच्या दिशेनं लांबवलेला. डॉक्टर म्हणाले, आजारच तसा, कोणाच्या हातात काही नव्हतं. ते बरोबरच आहे. मी आजाराबद्दल लिहीत नाहीये.

अजून मी त्या खोलीत जातो आणि कोपऱ्यात हात घालून बघतो. तिथली हवा बाकीच्या हवेसारखीच असते. तरी हात घालतो. फॅनचं तोंड तिकडेच आहे, आणि बंद फॅनचं पातं कधी जरासं हललं की मी दारातच थांबतो. खिडकी उघडी असते, हे मला माहीत असतं.

इतके दिवस मी एका समजुतीवर निभावलं. खोटं बोललो असतो तरी तिनं ते पकडलंच असतं. तिच्यापुढे ‘कधीच’ टिकला नसता.

यंदा वर्गात तोच धडा चालू होता. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, “सर, मग आत्ता इथली सगळी एअर त्या कॉर्नरला गेली तर?”

“तर लेक्चर कॅन्सल!” कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला. ती हसली नाही. मी नजर टाळायला वर बघितलं. वर्गातला जुना पंखा हेलकावे खात करकरत होता.

“जाणार नाही,” मी म्हणालो.

“कधीच?”

“कधीच.”

पहिल्या बाकावरच्या मुलानं लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. पुस्तकात काय आहे ते त्याला माहीत होतं. मी पंख्याकडेच बघत राहिलो.

पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांतही असाच पंखा होता. मी सहा-सात वर्षांचा असेन. सुट्टीतल्या दुपारी आई आणि मी जमिनीवर चटया टाकून पडायचो. माझी चटई बरोबर पंख्याखाली. एके दुपारी मी विचारलं, “आई, पंखा पडेल?”

“नाही पडणार.”

“कधीच?”

“कधीच नाही. झोप.”

‘जवळजवळ’ला लाल शाई लावणाऱ्या बाईनं हे डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, आणि मी लगेच झोपलो. जाग आली तेव्हा मी चटईसकट भिंतीकडेला होतो. आई खोलीच्या मधोमध, बरोबर पंख्याखाली, कुशीवर झोपली होती.

मला तेव्हा वाटलं, तिला वारा हवा असेल.