आईच्या वाटचं कोपनहेगन

लंडनमधल्या हॅरोच्या नलिनीताईंचं नाव आधी घेतो, मग बाकीचं. त्यांच्या घरातल्या वरच्या खोलीत मी राहतो. इथे आलो तेव्हा जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घालण्यापासून ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, बदलण्यापर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. मी नववीत शाळा सोडलेला, वेम्बलीत एका किचनमध्ये स्वयंपाकी. लिहिण्यात चुका होतील, सांभाळून घ्या.

असल्या गोष्टींना मी हसायचो. अजूनही कोणी सांगितल्या तर पटणार नाहीत... पण ही माझ्यावरच गुदरली.

गेल्या उन्हाळ्यात ताईंना कोपनहेगन बघायचं होतं. मुलीला सुट्टी मिळेना.

"तूच चल रे संतोष. माझा गुडघा आणि सूटकेस, दोन्ही ओढायला कोणीतरी हवंच!"

व्हिसाचं सगळं त्यांनीच केलं. माझ्या डोक्यात मात्र आई. सांगलीजवळच्या गावात असते. काचबिंदूने तिची नजर गेलेली – उजेड-अंधार तेवढा कळतो. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. माझी सुट्टी छोटी, गावी जाऊन यायला पुरणारी नव्हती. तरी पोरगा फिरायला चाललाय हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? बहिणीला, सुनीताला म्हटलं, "बाहेर जातोय, पण आईला ड्यूटीवर आहे म्हण." शहराचं नाव तिलाही सांगितलं नाही.

शहर अगदी आटोपशीर. सगळं पायी होतं. जिकडे बघावं तिकडे बागा, सायकली, आणि भर दुपारी गवतावर पडलेली ऑफिसातली माणसं.

"हॅरोत असं झोपलं तर लोक अँब्युलन्स बोलावतील," ताई म्हणाल्या. "बघ ना, किती लव्हली आहे!"

मी बघत होतो. आणि जितकं हिरवं दिसे तितका जीव कोंडत होता.

आमच्याकडे कोणी देवाला निघालं की शेजारी सांगतात, आमच्या वाटचा नमस्कार करा. मग देवापुढे एकेकाचं नाव घेऊन हात जोडायचे. कालव्यातल्या बोटीत बसलो तेव्हा मला तेच सुचलं. पाण्याचे शिंतोडे हातावर आले होते. ओली बोटं डोळ्यांना लावली आणि मनात म्हटलं – आई, आता पुढचं तुझ्या वाटचं.

आणि मला दिसेनासं झालं.

काळोख नव्हे... दुधासारखं पांढरं. इंजिनचा आवाज, गाइडची बडबड, सगळं ऐकू येत होतं. थोडा वेळ तसाच बसलो, मग घाबरून ताईंचा हात धरला.

"काय रे, बोट लागली?"

"ताई, दिसत नाहीये मला."

"उन्हाने असेल. डोळे मीट बघू जरा."

मी गच्च मिटले. उघडले तेव्हा सगळं नेहमीसारखं. शुगर उतरली म्हणून ताईंनी पर्समधली बिस्किटं चारली.

संध्याकाळी फोन केला. सुनीता म्हणाली, "दादा, आई दुपारपासनं कायतरीच बोलतीय. घे, तूच बोल."

"संतू, आरं मला दिसलं की! जेवून पडले हुते. पाणी हुतं, आन् देवळाचा ह्यो उंच कळस. त्याला भायेरनं जिना, गोल गोल, सोन्याचा. वर मानसं चढत हुती, मुंग्यांवानी. कसलं देऊळ रं हे?"

 मी तसलं काही बघितलंच नव्हतं.

ताईंच्या मोबाइलमध्ये मात्र बोटीतला फोटो होता. चर्चचा मनोरा, बाहेरून वळत गेलेला सोनेरी जिना, वर माणसं. खाली कोपऱ्यात मी. डोळे सताड उघडे, मान वर करून तिकडेच बघतोय.

आईचं बोलणं सांगितल्यावर ताईंनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मग म्हणाल्या, "आय डोन्ट नो, संतोष. खरंच."

हॅरोत डोळे तपासले, काही निघालं नाही. नंतर कितीदा तरी तलावाचं, नळाचं पाणी डोळ्यांना लावून आईचं नाव घेतलं. काही होत नाही.

पण त्या फोनवर आई शेवटी जे म्हणाली ते डोक्यातून जात नाही. "लई ग्वाड दिसत हुतं रं... मग कुनीतरी दार लावल्यावानी झालं."

ते दार मी लावलं. डोळे मिटून. अजून थोडा धीर धरला असता तर? ताईंना एवढंच सांगितलेलं नाही. "मीट" त्या म्हणाल्या होत्या. कळलं तर जन्मभर स्वतःला बोल लावतील, आणि आईला जे काही दिसलं ते त्यांनी मला नेलं म्हणूनच ना?

कधी जमेल माहीत नाही. पण एक दिवस नलिनीताईंना गावी नेणार, आईशेजारी पाटावर बसवणार, आणि दोघींना माझ्या हातचं गरम गरम वाढणार. नेणार म्हणजे नेणार.